पाच मिनिटांचं पाठांतर

स्टँड-अपच्या पहिल्या पाच मिनिटांची तयारी कशी करावी हे समजून घ्यायचं, तर झुरळांपासून सुरुवात करायला हरकत नाही. १९६९ साली रॉबर्ट झायॉन्स या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत झुरळांची शर्यत लावली. मागून झगझगीत दिवा, पुढे अंधारी खोली, मधे रस्ता. एका प्रकारात रस्ता सरळ, दुसऱ्यात वळणावळणाचा. काही वेळा कडेला पारदर्शक डब्यांत आणखी झुरळं प्रेक्षक म्हणून बसवलेली. प्रेक्षक असले की सरळ रस्त्यावरची झुरळं जोरात पळाली, वळणाच्या रस्त्यावरची मात्र जास्तच गोंधळली. झायॉन्सचं म्हणणं असं की कोणी बघत असलं की अंगात मुरलेलं असतं तेच उसळून वर येतं. सरावाचं काम त्यामुळे सुधारतं आणि कच्चं काम बिघडतं. २०२० मध्ये हा प्रयोग नव्याने करून पाहिला गेला तेव्हा प्रेक्षकांसमोर झुरळं सरळ रस्त्यावरही मंदावली, त्यामुळे झुरळांवर फार भिस्त ठेवू नये हेही सांगून टाकतो. पण माणसांबद्दलचा पुरावा बरा आहे. १९८२ मध्ये पूल खेळणाऱ्यांवर एक छोटा अभ्यास झाला. चार माणसं टेबलाजवळ येऊन बघत उभी राहिली, तेव्हा चांगल्या खेळाडूंचे अचूक फटके ७१ टक्क्यांवरून ८० वर गेले आणि कच्च्या खेळाडूंचे ३६ वरून २५ वर घसरले. पुढच्याच वर्षी २४१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात असा परिणाम छोटा निघाला, पण सोपं काम वेगाने होतं आणि अवघड कामातल्या चुका वाढतात, हा कल त्यातही दिसला. मंचावर उभ्या राहणाऱ्यालाही हेच लागू आहे.

पहिल्यांदा ओपन माइकला, म्हणजे कोणालाही मंचावर येता येतं अशा कार्यक्रमाला, नाव देणाऱ्याच्या मनात बहुधा दोनपैकी एक कल्पना असते. आपण मुळात गमत्ये आहोत, वर गेलं की सुचेल, ही पहिली. पहिलाच प्रयोग असा झाला पाहिजे की लोक हसून हसून लोळले पाहिजेत, ही दुसरी. पहिलीमुळे माणूस तयारीच करत नाही आणि दुसरीमुळे भलतीच करतो. माझ्या मते पहिल्या प्रयोगात हशा किती मिळाला याला फारशी किंमत नाही. कोणती ओळ चालली, कोणती पडली आणि का पडली, हे दुसऱ्या दिवशी सांगता आलं पाहिजे. ते सांगता यायचं तर पाच मिनिटांतला शब्दन् शब्द आधी ठरलेला आणि तोंडपाठ हवा. त्या संध्याकाळी अनोळखी अशी गोष्ट एकच असावी, ती म्हणजे समोर बसलेली माणसं. अमेरिकन विनोदकार जेरी साइनफेल्ड १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘कॅच अ रायझिंग स्टार’ या क्लबात पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा लिहून आणलेलं सगळं विसरला. डोक्यात उरली फक्त विषयांची नावं. समुद्रकिनारा, गाडी चालवणं, आईवडील अशी ती नावंच त्याने एकामागून एक उच्चारली आणि तो खाली उतरला. हा किस्सा तो स्वतःच सांगत आला आहे. लोक त्याला धीट सुरुवात म्हणून ऐकतात. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. साइनफेल्डचे विनोद बरे होते की वाईट, याबद्दल त्या रात्री काहीच सिद्ध झालं नाही, कारण ते बोललेच गेले नाहीत. पूर्ण शांततेत पडलेला सेट यापेक्षा कितीतरी उपयोगी असतो.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा घरच्या घरी विनोद पारखून का घेऊ नये? कारण स्वतःच्या विनोदाची पारख स्वतःला करता येत नाही. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने काही जणांना ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला आणि समोरच्याने गाणं ओळखायचं होतं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्म्या वेळा तरी ओळखतील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या कानात सूर चालू असतो, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. विनोद लिहिणाऱ्याचं नेमकं हेच होतं. सोसायटीचा सेक्रेटरी दिसतो कसा, तो प्रसंग घडला तेव्हा बाकीचे काय म्हणाले, हे सगळं त्याच्या डोक्यात वाजत असतं आणि कागदावर आलेल्या दोन ओळी त्याला त्या सगळ्यासकट विनोदी वाटतात. परक्या माणसाला त्या दोनच ओळी मिळतात. म्हणून निम्मं लेखन घरी होतं आणि उरलेलं निम्मं अनोळखी माणसांसमोर. मित्रांसमोर ते होत नाही.

‘अरे, तू स्टँड-अप कर’ असं ज्याला मित्र सांगतात, त्याचा या म्हणण्याला हमखास आक्षेप असतो. मित्र इतकी वर्षं हसतायत ते काय उगाच? उगाच नाही, पण विनोदामुळेच असंही नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाने मॉलमध्ये, रस्त्यांवर, कॉलेजांत लोक कशावर हसतात हे चोरून टिपलं. हशाचे १,२०० प्रसंग जमवल्यावर दिसलं की हशाच्या आधीचं वाक्य कसंबसं तरी विनोदी म्हणता येईल असे प्रसंग जेमतेम १० ते २० टक्के होते. बाकीच्या वेळी माणसं ‘चल, निघतो मग’ यावरही हसत होती. शिवाय बोलणारा ऐकणाऱ्यापेक्षा जास्त हसत होता, आणि माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या तीसपट सोबतीत हसतो, असंही त्याच्या नोंदींतून निघालं. कट्ट्यावरचं हसू हे मैत्रीचं हसू असतं. त्यातून विनोदाची परीक्षा होत नाही, होते ती मैत्रीची. भरताच्या नाट्यशास्त्रातही हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भाग केलेले आहेत, स्वतःचं हसू आणि दुसऱ्यात जागवलेलं हसू. कट्ट्यावर ही दोन वेगळी करता येत नाहीत. मंचावर ती आपोआप वेगळी होतात, कारण तिथे बोलणारा एकटाच हसत असेल तर ते सगळ्यांना ऐकू येतं.

आता प्रत्यक्ष लेखनाकडे. मुंबई-पुण्यातल्या ओपन माइकवर नवख्याला साधारण चार-पाच मिनिटं मिळतात आणि मिनिटभर उरलं की मागून मोबाइलचा टॉर्च दाखवतात. मराठी बोलण्याचा सावकाश वेग आणि हशासाठी सोडावी लागणारी जागा धरली तर पाच मिनिटांत पाचशेच्या आसपास शब्द बसतात. म्हणजे हाताने लिहिलेली दोन-तीन पानं. नवखा माणूस तेवढ्यात पाच विषय कोंबतो. एक किंवा दोन पुरेत. समजा सोसायटीच्या लिफ्टवर विनोद आहे. पहिला खर्डा बहुधा असा उतरतो: ‘मी ज्या सोसायटीत राहतो ती तशी खूप जुनी सोसायटी आहे, तिथे बऱ्याच अडचणी आहेत, म्हणजे बघा, आमच्या लिफ्टचंच घ्या, ती सारखी बंद पडते, आणि ती बंद पडली की आमचे सेक्रेटरी आहेत ते ‘लिफ्ट बंद आहे’ अशी नोटीस लिफ्टच्या आतमध्ये लावून ठेवत असतात.’ चाळीसेक शब्दांमध्ये हसण्यासारखी गोष्ट एकच, नोटीस कुठे लावली ती जागा. आणि ती जागा सांगून झाल्यावरही वाक्य संपत नाही. ‘लावून ठेवत असतात’ हे शेपूट फरफटत राहतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ही विनोद लिहिणाऱ्याची रोजची अडचण आहे. हसायचा शब्द येऊन जातो, लोक हसायला तोंड उघडतात आणि बोलणारा अजून ‘असतात’ म्हणत असतो. सभ्य प्रेक्षक मग हसू गिळून वाक्य पूर्ण होण्याची वाट बघतो. बोली मराठीत यावर उपाय आहेत. वाक्य तोडता येतं, मधे प्रश्न टाकता येतो, क्रियापद आधी उरकता येतं. ‘आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली की सेक्रेटरी लगेच नोटीस लावतात. कुठे? लिफ्टच्या आत.’ तेरा शब्द, आणि शेवटचा शब्द तोच ज्यावर हसायचं. जुनी सोसायटी, बऱ्याच अडचणी हे सगळं गेलं तरी कोणाला उणं वाटत नाही. त्यापुढे त्याच चित्रावर आणखी एक ओळ टाकता येते, जिला या धंद्यात टॅग म्हणतात: ‘खाली सही, तारीख, आणि बारीक अक्षरात, कोणीतरी दार उघडा.’ टॅगसाठी नवी मांडणी करावी लागत नाही, म्हणून पाच मिनिटांच्या सेटमध्ये त्याइतकी स्वस्त कमाई दुसरी नाही. विनोद थोर नाही, हे मान्यच. पण आता तो तपासता येण्याजोगा झाला. लोक ‘आत’वर हसले का, आणि ‘दार उघडा’वर पुन्हा हसले का, हे दोन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात.

लिहिलेलं पाठ करायचं ते वाचून नव्हे. पुन्हा पुन्हा वाचलं की आपल्याला येतंय असा भास होतो, एवढंच. रोडिगर आणि कार्पिक या दोघांच्या २००६ च्या प्रयोगात मजकूर परत परत वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते; आठवड्याने मात्र न बघता आठवून पाहणारे त्यांच्या पुढे गेले. म्हणून कागद उलटा ठेवायचा, उभं राहायचं आणि मोठ्याने बोलायचं, घड्याळ लावून. पुटपुटणं चालत नाही, कारण कोणतं जोडाक्षर जिभेवर अडखळतं आणि कुठे श्वास पुरत नाही हे मोठ्याने बोलल्याशिवाय कळत नाही. हातात माइक म्हणून काहीतरी धरावं. लाटणं, टॉर्च, काहीही. हा बालिशपणा वाटेल, पण माइक हनुवटीपाशी धरून एक हात अडकलेला असताना बोलणं हे दोन्ही हात मोकळे असताना बोलण्यापेक्षा निराळं आहे. नवख्याचा हात शेवटच्या शब्दाला खाली येतो. वाक्य संपत आलं, आता सुटलो, असं शरीराला वाटतं आणि माइक छातीवर उतरतो. नेमका ‘आत’ हाच शब्द मागच्या रांगेला ऐकू जात नाही, आणि बिचाऱ्याला वाटतं की विनोद पडला. स्टँडवरून माइक काढला की रिकामा स्टँड उचलून मागे ठेवायचा, माइकची जाळी मुठीत धरायची नाही, एवढं तरी शरीराला आधीच माहीत हवं. पहिली ओळ आणि शेवटची ओळ तर झोपेतून उठवलं तरी म्हणता आली पाहिजे. सेट संपवायला चांगली ओळ नसली की माणूस टॉर्च दिसल्यावर ‘बस, एवढंच होतं’ म्हणून उतरतो.

पाठांतराने उत्स्फूर्तपणा मरतो, हा यावरचा सगळ्यात जुना आक्षेप. स्टँड-अप म्हणजे गप्पा, आणि गप्पा पाठ कशा करणार? हा आक्षेप प्रेक्षकाच्या खुर्चीतून केलेला असतो. पु. ल. देशपांड्यांनी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर आणली. शेजारी बसून कोणी चाळीतल्या गोष्टी सांगतंय असं तेव्हाच्या प्रेक्षकाला वाटे, पण त्यामागे छापून आलेलं पुस्तक होतं. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने ५२ पात्रं उभी करत, त्यात आयत्या वेळी काय सुचेल ते बोलायला जागा किती असणार? ‘रामनगरी’त राम नागरकर स्वतःचं आयुष्य सांगत तेव्हाही सहजपणा दिसे तो सांगण्यात, आणि तो कमावलेला होता. परदेशातली उदाहरणंही हेच सांगतात. नावाजलेला ख्रिस रॉक मोठ्या दौऱ्याआधी न्यू जर्सीतल्या छोट्या क्लबात कागदांचं पॅड घेऊन उभा राहतो, अर्धवट ओळी बोलून बघतो आणि त्यातल्या पुष्कळ पडतात. १९९८ नंतर साइनफेल्डने आपला जुना सगळा माल बाजूला ठेवून नव्याने सेट बांधायला घेतला, त्यावर २००२ मध्ये ‘कॉमेडियन’ हा माहितीपट निघाला. जगातल्या सर्वांत यशस्वी विनोदकारांपैकी एक छोट्या क्लबात चाचपडताना त्यात दिसतो. मग प्रेक्षकाशी बोलणं, ज्याला क्राउड वर्क म्हणतात, ते काय? ते खरंच आयत्या वेळी सुचतं. पण ते ज्याला जमतं त्याच्याकडे परत यायला पाठ केलेली ओळ असते. कोणी मधेच काही बोललं, त्यावर दोन वाक्यं झाली, आणि मग? जिथून निघालो तिथे परतायची वाट ज्याला ठाऊक नाही त्याने पहिल्या प्रयोगात समोरच्याला ‘तुम्ही काय करता’ असं विचारू नये. रील्समध्ये क्राउड वर्कच जास्त दिसतं, त्यामुळे नवख्यांचा गैरसमज वाढतो. पाठ केलेला भाग सहसा रीलवर टाकत नाहीत, कारण तो तिकीट काढून येणाऱ्यांसाठी राखून ठेवायचा असतो.

एक आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो आणि तो मराठी माणसाकडूनच येतो. आपली परंपरा पंचलाइनची नाही, रंगवून सांगण्याची आहे. द. मा. मिरासदार, शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव केले ते काही तेरा शब्दांत माणसं हसवून नव्हे. गोष्ट सावकाश चढत जायची, पात्र डोळ्यांपुढे उभं राहायचं आणि एकदा ते उभं राहिलं की नुसतं ‘हां’ म्हटलं तरी हशा पिकायचा. मग ही काटछाट म्हणजे परक्या मापाने आपलं कापड बेतणं नाही का? थोडंसं आहे. मुंबईत ‘द कॉमेडी स्टोअर’ २०१० मध्ये आलं ते लंडनहून, आणि पाच-पाच मिनिटांच्या स्पॉटची रीत ही त्याच इंग्रजी क्लबांची. पण मिरासदारांपुढे बसलेला श्रोता मिरासदारांना ऐकायला आलेला असे. त्याने पुस्तकं वाचलेली असत आणि दहा मिनिटं हसू आलं नाही तरी तो कुठे जात नसे, कारण पुढे येणार याची त्याला खात्री असे. ओपन माइकला बसलेल्यांपैकी कित्येक जण स्वतःच्या नंबराची वाट बघणारे विनोदकार असतात आणि उरलेल्यांना तुमचं नाव होस्टने अर्ध्या मिनिटापूर्वी, बहुधा चुकीचं, सांगितलेलं असतं. उधारीवर ऐकून घेण्याइतकी ओळख तिथे नाही. म्हणून किस्सा सांगायचाच असेल तर जरूर सांगावा, भाडिपासारख्या यूट्यूब मंचांवरचे मराठी स्टँड-अप बघितले तर किस्स्याला तिथे जागा आहे हे दिसतंच. फक्त पहिलं हसू पहिल्या अर्ध्या मिनिटात यायला हवं आणि किस्स्याच्या वाटेवर मधे मधे हसण्याची ठिकाणं हवीत. मिरासदारांच्या गोष्टींतही ती आहेत. सावकाश वाटणारी गोष्ट मुळात रिकामी नसते, हे कुठलीही एक कथा पेन्सिल घेऊन वाचली तर कळेल.

भीतीबद्दल थोडक्यात. ती जात नाही आणि घालवण्याच्या मागे लागू नये. सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये भाषण करणाऱ्यांवर प्रयोग केले. बोलणाऱ्याला वाटतं आपली धडधड सगळ्यांना दिसतेय, ऐकणाऱ्यांना ती तितकी दिसत नाही. आणि गंमत अशी की हे ज्यांना आधी समजावून सांगितलं त्यांची भाषणं जास्त चांगली झाली, असं त्यांचं स्वतःचं मत पडलं आणि ऐकणाऱ्यांचंही. ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ असं म्हणणाऱ्यांची भाषणं सरस झाली. असल्या वाक्यांनी विनोद सुधारत नाही, पण हात कापतोय म्हणून सेट अर्ध्यावर सोडायची गरज नाही एवढा दिलासा पुरे. हात कापत असेल तर माइक स्टँडवरच राहू द्यावा.

त्या संध्याकाळी लवकर जावं आणि आपल्या आधीचे सगळे ऐकावेत. तुमच्याआधी तिघांनी लिफ्टवर विनोद केले असतील तर ते माहीत असलेलं बरं. मंचावर गेल्यावर दोन गोष्टींचा मोह टाळायचा. पहिला, हशावर बोलण्याचा. हसू चढतं, टोकाला जातं आणि ओसरू लागतं. ते ओसरू लागेपर्यंत गप्प राहायचं. नवख्याला ती दोन सेकंद युगासारखी वाटतात, तो पुढची ओळ सुरू करतो, आणि लोक ती ऐकायला म्हणून हसणं थांबवतात. पुढच्या वेळी मग ते जपूनच हसतात. दुसरा मोह, पडलेल्या विनोदावर शेरा मारण्याचा. ‘हा नाही चालला वाटतं’ असं म्हटलं की ज्यांच्या लक्षात आलं नव्हतं त्यांच्याही येतं, आणि शिवाय आपण सेट बदलला. मग दुसऱ्या दिवशी तपासायला जे उरतं ते आपण लिहिलेलं नसतं. पडला तर पडू द्यावा आणि पुढची ओळ लिहिली तशीच म्हणावी.

फोन खिशात रेकॉर्डिंगवर ठेवलेला असतो तो यासाठी. व्हिडिओही चालेल, पण तो कोणाला पाठवू नये, कारण अर्धं झालेलं काम दाखवून त्यावर मिळालेली शाबासकी पुन्हा त्याच कट्ट्यावर नेऊन सोडते. दुसऱ्या दिवशी कागद पुढे घेऊन ऐकायचं आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करायची: हशा, थोडं हसू, शांत. आवाजावरून भुलू नये. तळघरासारख्या छोट्या खोलीत सहा माणसांचं हसूही दणदणीत वाटतं. शांततेचेही निदान तीन प्रकार असतात आणि ते वेगळे करायला शिकणं ही पहिल्या प्रयोगाची खरी मिळकत. एक, शब्द ऐकूच गेला नाही. रेकॉर्डिंगमध्ये तो गिळलेला सापडतो. दुसरा, संदर्भ कळला नाही; सेक्रेटरी ही काय चीज आहे हे ज्याने कधी सोसायटी पाहिलीच नाही त्याला कळणार नाही. तिसरा, सगळं ऐकू आलं, कळलं, आणि पुढे काय येणार हे आधीच ओळखलं. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. पहिल्यात जीभ आणि हात सुधारायचे, दुसऱ्यात मांडणीत एक शब्द घालायचा, आणि तिसऱ्यात मांडणीतला एक शब्द काढायचा, कारण बहुतेक वेळा तोच आधी चुगली करतो. पाठ न करता गेलेल्या माणसाला हे निदान करताच येत नाही. कालचं नेमकं वाक्य आज त्याच्या हातात नसतं.

यावर शेवटचा आक्षेप असा की इतका विचार करण्यापेक्षा शंभर वेळा मंचावर जावं, आपोआप येईल. शंभर वेळा जावंच लागतं. अमेरिकन विनोदकार स्टीव्ह मार्टिनने आपल्या स्टँड-अपची १८ वर्षं लिहून काढली आहेत. त्यातली १० शिकण्यात गेली असं तो सांगतो. पण जाण्याने आपोआप येतं हे खरं नाही, आणि याचं कारण हसण्याच्या स्वभावातच आहे. हसू संसर्गजन्य असतं. बारा माणसांच्या खोलीत एक मोकळा हसणारा असेल तर बाकीचे अकरा ओढले जातात. पहिल्या रांगेत घडी घालून बसलेले दोन हात असले तर उलटं होतं. त्यामुळे बारा माणसं हसली म्हणजे बारा मतं पडली असं नाही. एक खोली म्हणजे जेमतेम एक मत. एखाद्या ओळीबद्दल काही म्हणायचं तर ती पाच-सहा खोल्यांत, जशीच्या तशी, म्हटलेली असायला हवी. दर वेळी शब्द बदलले तर पन्नास प्रयोगांनंतरही हाती पन्नास सुटे अनुभव राहतात आणि त्यांची बेरीज होत नाही. फिलिस डिलर ही पाच मुलांची आई ७ मार्च १९५५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘पर्पल अनियन’मध्ये पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा ३७ वर्षांची होती. तिच्या विनोदांची कार्डं आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. पोलादी कपाटाच्या खणांमध्ये विषयवार लावलेली, ५२,००० हून जास्त. उशिरा सुरू करणाऱ्याला ते कपाट धीर देणारं आहे, पण त्याहून मला त्यातली कारकुनी आवडते. विनोद सुचणं ही देणगी असेल. सुचलेला विनोद कुठे ठेवला हे सापडणं हे टापटिपीचं काम आहे.

तेव्हा दुसऱ्यांदा नाव द्यायचं ते त्याच पाच मिनिटांसाठी, शक्यतो दुसऱ्या जागी. घरात सगळे म्हणतील, पुन्हा तेच? हो, तेच, ऐकणारे वेगळे आहेत. बदल एका वेळी एकच करावा. लिफ्टच्या ओळीला दोन्हीकडे हशा आणि टॅगला शांतता मिळाली असेल तर टॅग लगेच काढू नये. तो दोन सेकंद उशिरा म्हणून बघावा, कारण लोक अजून ‘आत’वर हसत असण्याची शक्यता आहे. पाच-सहा ठिकाणी शांत गेलेली ओळ काढून टाकावी, आणि तिच्या जागी नवी घालण्याआधी उरलेला सेट एकदा उभं राहून मोठ्याने म्हणावा. मधली ओळ गेली की पुष्कळदा पुढच्या दोन ओळी कशावर उभ्या होत्या तेच नाहीसं झालेलं असतं.